होकार कोणाचा, हुकूम कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

परिचर्या शिकणाऱ्या विद्यार्थिनी आणि त्यांच्यावर केले जाणारे संशोधन हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव असे प्रश्न समोर उभे असताना हा आडवाटेचा विषय कशासाठी, असे आपल्यापैकी काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु माणसाच्या संमतीला काय किंमत आहे, हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. कारखान्याच्या दारात उभा असलेला बेकार मजूर ठेकेदाराच्या कागदावर अंगठा उठवतो, तेव्हा त्याला 'स्वखुशीचा करार' म्हणतात. त्या स्वखुशीच्या मुळाशी भूक असते, हे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. तेच विश्लेषण वसतिगृहात राहणाऱ्या, वॉर्डात राबणाऱ्या आणि अंतर्गत गुणांसाठी वरिष्ठांच्या तोंडाकडे पाहणाऱ्या मुलीच्या सहीला लावून पाहावे, एवढाच आजचा हेतू आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. परिचर्येच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रबंध सादर करावा लागतो. पदवीच्या विद्यार्थिनींनाही संशोधन हा विषय असतो आणि गटाने एखादा प्रकल्प करावा लागतो. प्रबंधाला नमुना हवा, म्हणजे साठ, ऐंशी किंवा शंभर माणसे हवीत. वेळ थोडा, पैसा नाही आणि परवानग्यांची यातायात मोठी. अशा वेळी सर्वांत हाताशी असलेली माणसे कोण? आपल्याच किंवा शेजारच्या महाविद्यालयातील दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुली. म्हणून आपल्याकडील परिचर्या-प्रबंधांची शीर्षके चाळली, तर अमुक विषयावरील 'नियोजित अध्यापन कार्यक्रमाचा निवडक महाविद्यालयांतील विद्यार्थिनींच्या ज्ञानावर होणारा परिणाम' या साच्याची शीर्षके पुन्हा पुन्हा आढळतात. आधी एक प्रश्नावली, मग एक व्याख्यान, काही दिवसांनी तीच प्रश्नावली पुन्हा. संशोधनशास्त्राच्या भाषेत याला सोयीचा नमुना म्हणतात. शब्द अगदी प्रामाणिक आहे. फक्त सोय कोणाची, ते तो सांगत नाही.

ही प्रश्नावली वाटली कशी जाते? बहुधा तासिकेच्या वेळी, वर्गातच, आणि वाटणारी व्यक्ती स्वतः पाठ्यनिर्देशिका असते, नाहीतर तिच्या ओळखीने आलेली असते. पहिल्या पानावर संमतिपत्र असते. 'सहभाग ऐच्छिक आहे, आपण केव्हाही माघार घेऊ शकता' असे त्यावर छापलेले असते. ते वाक्य खोटे नाही. पण ज्या खोलीत ते वाचायचे त्या खोलीत पुढे शिक्षिका उभी असते, शेजारी सगळ्या मैत्रिणी माना खाली घालून लिहीत असतात आणि कागद कोरा परत देणारी एकटीच पडते. छापील वाक्याने दिलेले स्वातंत्र्य त्या खोलीच्या रचनेने काढून घेतलेले असते.

ही मुलगी कोण आहे, याचाही विचार केला पाहिजे. परिचर्येच्या शिक्षणाकडे येणाऱ्या मुली बहुतांशी सामान्य घरांतल्या असतात. कोणी शेतमजुराची, कोणी छोट्या शेतकऱ्याची, कोणी गिरणीतून बाहेर फेकल्या गेलेल्या कामगाराची नात. अनेकींच्या मागे शैक्षणिक कर्ज असते. शिक्षण संपून लवकर नोकरी लागेल, धाकट्या भावंडांना हात देता येईल, एवढ्या आशेवर घरच्यांनी तिला घराबाहेर पाठविलेले असते. मुलगेही आता या शिक्षणात आहेत आणि आज जे बोलायचे ते त्यांनाही लागू आहे; परंतु बहुसंख्या मुलींची आहे.

या मुलीवर एकाच वेळी किती जणांची सत्ता चालते? लेखी व प्रात्यक्षिक परीक्षेचे अंतर्गत गुण शिक्षिकेच्या हाती. कोणत्या वॉर्डात, कोणत्या पाळीला, किती रात्री, हे परिसेविका आणि अधिसेविका यांच्या हाती. सुटी मिळेल की नाही, रविवारी फाटकाबाहेर किती वाजेपर्यंत राहता येईल, हे वसतिगृहाच्या रेक्टरच्या हाती. महाविद्यालय आणि रुग्णालय एकाच संस्थेचे असेल, तर हे सगळे हात शेवटी एकाच खांद्याला जोडलेले असतात. इंजिनिअरिंगच्या किंवा कलाशाखेच्या विद्यार्थ्याला कॉलेज सुटल्यावर घर असते, चौक असतो. हिला मालकाच्याच आवारात झोपायचे असते. गिरणीमालकाच्या चाळीत राहणाऱ्या कामगाराची कोंडी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही कोंडी समजावून सांगण्याची गरज नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ही मुले सुशिक्षित आहेत, विज्ञान शिकलेली आहेत, प्रौढ आहेत. संमतिपत्र त्यांना वाचता येते, समजते. मग त्यांना दुर्बळ कशासाठी म्हणायचे? हा आक्षेप दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो. समजण्याची कुवत ही एक गोष्ट आहे आणि नकार देण्याची मोकळीक ही दुसरी. अडाणी माणसाला धोका असा की त्याला कागद कळत नाही. या मुलीला धोका असा की तिला कागद पुरता कळतो, आणि नाही म्हटल्यास काय होऊ शकते तेही पुरते कळते. शिक्षिका सूड घेईलच असे नाही. पुष्कळ शिक्षिका भल्या असतात आणि आपल्यामुळे कोणावर दडपण येत असेल हे त्यांच्या ध्यानीमनीही नसते. परंतु दडपणाला दुष्ट माणसाची आवश्यकता नसते. गुण देणारा आणि संमती मागणारा हात एक असला, की दडपण आपोआप निर्माण होते.

ही गोष्ट जगाने फार मोठी किंमत देऊन शिकलेली आहे. नाझी डॉक्टरांनी छळछावण्यांतील बंदिवानांवर केलेल्या प्रयोगांबद्दल न्यूरेंबर्ग येथे खटला चालला आणि १९४७ साली निकालाबरोबर दहा कलमांची संहिता पुढे आली. माणसावरील कोणत्याही प्रयोगाला त्याची स्वेच्छेने दिलेली संमती अत्यावश्यक आहे, हे त्या संहितेचे पहिले कलम. १९६४ साली जागतिक वैद्यक संघटनेने हेलसिंकीचे घोषणापत्र स्वीकारले. त्यात पुढे झालेल्या सुधारणांनुसार, ज्या व्यक्तीची संमती घ्यायची ती डॉक्टरवर अवलंबून असेल, तर त्या नात्याच्या बाहेरच्या जाणकार व्यक्तीने ती घ्यावी, असा दंडक आला. आपल्या देशात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० साली या विषयावर धोरणपत्र काढले. त्यानंतर २००० व २००६ साली मार्गदर्शक तत्त्वे आली आणि २०१७ साली त्यांची विस्तृत राष्ट्रीय आवृत्ती आली. तिच्यात उतरंडीत खालच्या पायरीवर असलेल्यांचा, म्हणजे विद्यार्थी, परिचारिका, कर्मचारी, सैनिक अशांचा समावेश विशेष संरक्षणास पात्र असलेल्या गटांत केलेला आहे. फायद्याच्या आशेने किंवा नकाराची शिक्षा होईल या भीतीने अशा व्यक्ती होकार देण्याचा संभव असतो, हे कारणही तेथे मान्य केलेले आहे. परिचर्येची विद्यार्थिनी यांपैकी दोन गटांत एकदम बसते. ती विद्यार्थी आहे आणि होऊ घातलेली परिचारिकाही आहे.

म्हणजे तत्त्व मान्य आहे, कागदावर आलेले आहे. प्रश्न आहे तो तत्त्व आणि तासिका यांमधील अंतराचा. हे अंतर किती वाढू शकते, याचे एक उदाहरण आपल्याच देशात घडलेले आहे. ते परिचर्या महाविद्यालयातले नाही, परंतु वसतिगृह आणि संमती यांचा संबंध त्यातून जितका स्पष्ट होतो तितका दुसऱ्या कशातून होत नाही. २००९ साली आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा या जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील प्रतिबंधक लस हजारो किशोरवयीन मुलींना देऊन पाहण्याचा प्रकल्प सुरू झाला. खम्मममधील अनेक मुली आदिवासी होत्या आणि आश्रमशाळांच्या वसतिगृहांत राहत होत्या. काही मुलींच्या मृत्यूंच्या बातम्या आल्यावर गदारोळ झाला आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबविण्यात आला. ते मृत्यू लसीमुळे झाले असे चौकशीत सिद्ध झाले नाही. परंतु चौकशीत दुसरेच काही उघडकीस आले. आंध्रातील ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर आईबापांच्या ऐवजी वसतिगृहप्रमुखांच्या सह्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात या प्रकाराचा कठोर समाचार घेतला. लस चांगली की वाईट, हा येथे मुद्दाच नाही. ती लस जगभर उपयुक्त ठरलेली आहे. मुद्दा हा की जो मुलींना जेवण देतो आणि दाराची किल्ली सांभाळतो, तोच त्यांच्या शरीराविषयीही सही करू लागला, आणि त्यात कोणालाही प्रथमदर्शनी काही वावगे वाटले नाही.

'पण आमच्याकडे लस नाही, सुई नाही. साधी प्रश्नावली तर आहे', असे कोणी म्हणेल. प्रश्नावलीत काय विचारले जाते ते मात्र पाहिले पाहिजे. मासिक पाळीचे त्रास, मानसिक ताण, निराशा, आत्महत्येचे विचार, लैंगिक आरोग्याविषयीची माहिती, घरची मिळकत, मोबाईलचे व्यसन. हे सगळे विषय अशा अभ्यासांत येतात. चाळीस मुलींच्या वर्गात वय, धर्म, गाव आणि वडिलांचा व्यवसाय एवढे चार रकाने भरले, की नाव न लिहिताही मुलगी ओळखू येते. त्यावर हजेरी क्रमांक घातला, तर ओळखण्याचे कष्टही वाचतात. आपल्याला झोप लागत नाही, जीव नकोसा होतो, असे जिने लिहिले, तिचा कागद तिलाच उद्या वॉर्डात कामावर नेमणाऱ्या व्यक्तीच्या टेबलावर जात असेल, तर ही प्रश्नावली निरुपद्रवी कशी म्हणायची? आणि असे उत्तर वाचून कोणी तिच्या मदतीला धावले नाही, नुसती टक्केवारी काढून मोकळे झाले, तर त्या संशोधनाने तिला एकटेपणाचाच आणखी एक धडा दिला.

यात ज्ञानाचेही नुकसान आहे. भीतीने दिलेली उत्तरे खरी नसतात. ती शिक्षिकेला आवडतील अशी असतात. एकाच वर्गाला एकच प्रश्नपत्रिका दोनदा सोडवायला लावून मध्ये एक व्याख्यान दिले, तर दुसऱ्या खेपेला गुण वाढणारच. त्यासाठी प्रबंध कशाला हवा? असे प्रबंध पदवी मिळेपर्यंत जगतात आणि मग ग्रंथालयाच्या कपाटात जातात. ज्या मुलींच्या उत्तरांवर ते उभे राहिले, त्यांना निष्कर्ष कधी कळत नाहीत. मोफत मिळणारा कच्चा माल कोणी जपून वापरत नाही, हा बाजाराचा नियम येथेही लागू पडतो. विद्यार्थिनीचा वेळ आणि तिचे मन यांना किंमत नाही, म्हणूनच ती वाटेल त्या प्रश्नासाठी खर्ची घातली जातात.

मग विद्यार्थिनींवरील संशोधनच बंद करावे काय? माझे उत्तर नाही असे आहे, आणि त्याचे कारण इतिहासात आहे.

गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकातली गोष्ट. नॉर्वेत ऑस्लो शहराच्या उल्लेवोल रुग्णालयात योहानेस हाइमबेक नावाच्या डॉक्टराने शिकाऊ परिचारिकांची क्षयाच्या संसर्गासाठी त्वचाचाचणी करण्यास सुरुवात केली. रुग्णालयात दाखल होताना सुमारे निम्म्या मुलींना क्षयाचा संसर्ग झालेला नव्हता. तीन वर्षांचे शिक्षण पुरे होईतो जवळजवळ सगळ्यांना झालेला होता, आणि कोऱ्या शरीराने आलेल्या मुलीच अधिक आजारी पडत होत्या. परिचारिकेला क्षय होतो तो तिच्या नाजूक प्रकृतीमुळे किंवा घराण्यातील दोषामुळे, असे म्हणून हात झटकणाऱ्यांना हे उत्तर होते. क्षय तिला वॉर्डातून मिळत होता. पुढे त्याने अशा मुलींना बीसीजी लस देऊ केली आणि त्या लसीच्या इतिहासात या मुलींचे स्थान कायमचे झाले.

इंग्लंडमध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या वतीने १९३५ ते १९४४ या काळात तरुणांमधील क्षयाचे प्रॉफिट सर्वेक्षण झाले. त्यात परिचारिकांचा व वैद्यकीय विद्यार्थ्यांचा मोठा भाग होता, आणि परिचारिकांना असलेला जादा धोका त्याने आकड्यांनिशी मांडला. अहवाल १९४८ साली आला. कामगार संघटनांनी तोपर्यंत हा प्रश्न लावून धरलेला होताच. १९५१ साली ब्रिटनमध्ये परिचारिकांसारख्या रुग्णसेवकांच्या बाबतीत क्षय हा व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य झाला आणि नुकसानभरपाईचा मार्ग मोकळा झाला. आकडे संशोधनाने दिले आणि आकड्यांचा हक्क संघटनेने करून घेतला. ही जोडी मला फार महत्त्वाची वाटते.

आणि आपल्या महाराष्ट्रात? सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात २००४ साली ७२६ आरोग्यसेवकांची क्षयाच्या सुप्त संसर्गासाठी तपासणी झाली. त्यांत विद्यार्थ्यांचा भरणा मोठा होता. निम्म्या लोकांचे वय बावीस किंवा त्याहून कमी होते. दोन चाचण्यांपैकी निदान एकीत निम्मे लोक बाधित आढळले. त्यांतील वैद्यकीय व परिचर्या शाखांच्या २१६ विद्यार्थ्यांची दीड वर्षाने पुन्हा तपासणी करण्यात आली. तामिळनाडूत वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या शिकाऊ परिचारिकांचा असाच अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात दर शंभर मुलींमागे दरसाल जवळजवळ आठ जणींना नव्याने संसर्ग होतो असे दिसले. सर्वसाधारण लोकसंख्येतील अंदाज शंभरांत दीडचा होता. म्हणजे सुमारे पाचपट.

साथींनो, हे आकडे कोणाच्या कामाचे आहेत? ते त्या मुलींच्या कामाचे आहेत. वॉर्डाच्या खिडक्या उघड्या राहतात की नाही, खोकणाऱ्या रुग्णाला वेगळे ठेवले जाते की नाही, नाकातोंडावर बांधायचे योग्य साधन शिकाऊ मुलीला मिळते की फक्त मोठ्या डॉक्टरांना, हे विचारण्याचे बळ या आकड्यांत आहे. आपल्याकडे नुकसानभरपाईच्या कायद्याच्या अनुसूचीत आरोग्यसेवेतील कामामुळे जडणाऱ्या संसर्गजन्य रोगांचा समावेश आहे. परंतु ते संरक्षण नोकरदाराला आहे. शिकाऊ मुलगी वॉर्डात काम करते, पण नोकर नाही. म्हणून ती सहजासहजी त्यात बसत नाही. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत परिचर्येच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थिनींना करोना वॉर्डात पूर्णवेळ कामावर घेण्यास केंद्र सरकारने मुभा दिली. गरज लागली तेव्हा ती कर्मचारी ठरली. हक्काचा प्रश्न निघाला की ती विद्यार्थिनी ठरते. ही विसंगती दूर करावयाची तर तिच्यासंबंधीचे संशोधन वाढलेच पाहिजे. मात्र ते तिच्या प्रश्नांचे हवे. रात्रपाळीचा तिच्या झोपेवर काय परिणाम होतो, वापरलेली सुई किती जणींना टोचते आणि टोचल्यावर पुढे काय होते, कावीळ-बीची लस किती जणींना वेळेवर मिळते, एका शिकाऊ मुलीच्या वाट्याला किती रुग्ण येतात, हे विषय सोयीचे नाहीत. ते व्यवस्थापनाला अडचणीचे आहेत, आणि प्रबंधांच्या शीर्षकांत ते कमी दिसण्याचे एक कारण हेही असावे.

आता या विषयाच्या गाभ्याकडे येतो. ही मुलगी संशोधनातील सहभागी आहे ती चार वर्षांपुरती. त्यानंतर चाळीस वर्षे ती रुग्णाच्या खाटेशी उभी राहणार आहे. आपल्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही घेण्याचे काम पुष्कळदा परिचारिकेकडेच येते. घाबरलेल्या म्हातारीच्या हातात पेन देऊन 'येथे सही करा' असे सांगणारी तीच असते. संमती म्हणजे काय, हे ती कोठे शिकते? नीतिशास्त्राच्या पुस्तकातील प्रकरणात शिकते, हे खरे. पण त्याहून अधिक ती वर्गात वाटल्या गेलेल्या त्या कागदावर शिकते. सही म्हणजे उरकायची बाब, प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा आणि नकार म्हणजे बंड, हे तिच्या अंगात मुरले, तर उद्या ती रुग्णाला दुसरे काय शिकवणार?

अमेरिकेतील टस्कीगी येथील प्रकरण आपण ऐकलेले असेल. अलाबामा राज्यात १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांवर एक सरकारी अभ्यास चालला. त्यांतील ३९९ जणांना उपदंश होता. पेनिसिलिनचा उपाय सर्वत्र मिळू लागल्यानंतरही तो त्यांना दिला गेला नाही. रोग मृत्यूपर्यंत कसा जातो ते पाहायचे होते. या माणसांना अभ्यासाशी जोडून ठेवणारा दुवा कोण होता? युनिस रिव्हर्स नावाची एक कृष्णवर्णीय परिचारिका. ती त्यांना घरून आणी, त्यांची विचारपूस करी. लोकांचा विश्वास डॉक्टरांवर नव्हता, तिच्यावर होता. तिला क्रूर म्हणून निकालात काढणे सोपे आहे. परंतु ती स्वतः वर्णाने, लिंगाने आणि पदाने अशा उतरंडीत उभी होती, की जिथे डॉक्टरला प्रश्न विचारणे हे परिचारिकेचे काम मानले जात नव्हते. आज्ञाधारकपणा हाच ज्या शिक्षणाचा कणा आहे, त्यातून अशी माणसे घडतात. हा प्रकार उघड झाल्यानंतरच अमेरिकेत कायदा झाला आणि १९७९ चा बेलमाँट अहवाल निघाला. नकार देण्याची सवय ज्या परिचारिकेला विद्यार्थिदशेत लागली, ती रुग्णाचा नकारही ऐकून घेईल. म्हणून हा प्रश्न काही हजार विद्यार्थिनींपुरता नाही. सरकारी दवाखान्याची पायरी चढणाऱ्या प्रत्येक गरीब माणसाचा तो प्रश्न आहे.

एक शेवटचा आक्षेप उरतो. नवशिक्या संशोधकाने मग शिकायचे कोठे? याचे उत्तर सरळ आहे. वर्गात प्रश्नावली कशी बनवावी याचा सराव खुशाल करावा. तो सराव म्हणून करावा, त्याची उत्तरे तेथेच फाडून टाकावीत आणि त्याला संशोधनाचे नाव देऊ नये. ज्याला संशोधन म्हणायचे, त्याला संशोधनाचे नियम लागू झालेच पाहिजेत.

हे नियम कोणते असावेत? माझ्या दृष्टीने सहा मागण्या पुरेशा आहेत. पहिली, जी व्यक्ती गुण देते, पाळी लावते किंवा सुटी मंजूर करते, तिने संमती मागू नये आणि संमती घेतली जात असताना त्या खोलीत असू नये. कोणी भाग घेतला व कोणी नाही, हे तिला निकाल लागेपर्यंत कळू नये. दुसरी, माहिती दिल्यानंतर विचाराला निदान एक दिवस द्यावा आणि कागद वर्गात गोळा न करता बंद पेटीत टाकण्याची सोय करावी. म्हणजे कोरा कागद टाकणारीही इतरांसारखीच दिसेल. तिसरी, हजेरी क्रमांक आणि ओळख पटविणारे अनावश्यक रकाने बंद व्हावेत. चौथी, सहभागाला लागणारा वेळ तासिका किंवा ड्यूटीच्या तासांत धरावा. रात्रपाळी करून आलेल्या मुलीच्या झोपेतून तो कापू नये. पाचवी, रक्त काढणे, चाचणी, औषध किंवा लस असे काही असेल, तर इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई यांची लेखी हमी असावी. औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ च्या नियमांनी ही जबाबदारी घातलेलीच आहे. तिचा लाभ या मुलींना आधी समजावून द्यावा. सहावी, निष्कर्ष त्या वर्गासमोर, सोप्या मराठीत, ठेवलेच पाहिजेत. आणि ज्या अभ्यासात मानसिक त्रासाची उत्तरे येतील, तेथे मदतीची व्यवस्था आधी व प्रश्नावली नंतर.

या मागण्यांना पैसा फारसा लागत नाही. लागते ती सत्तेची थोडी वाटणी, आणि म्हणूनच त्या सहजी मान्य होणार नाहीत. प्रत्येक संशोधनसंस्थेत नीतिसमिती असावी, तिचा अध्यक्ष बाहेरचा असावा, निदान निम्मे सभासद संस्थेबाहेरचे असावेत, त्यांत एक सामान्य नागरिक असावा, असे २०१७ ची तत्त्वे सांगतात. या सामान्य नागरिकाच्या खुर्चीवर कोण बसते? संस्थाचालकांचा स्नेही बसतो की लोकांचे प्रश्न जाणणारा माणूस? विद्यार्थिनींवरील अभ्यास समितीपुढे येईल तेव्हा विद्यार्थिनींची प्रतिनिधी तेथे ऐकली जाते काय? हे प्रश्न आपण विचारू शकतो.

आपल्या कार्यकर्त्यांना येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. सरकारी परिचर्या महाविद्यालयांना २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा लागू आहे. नीतिसमिती नोंदलेली आहे काय, तिचे सभासद कोण, गेल्या पाच वर्षांत विद्यार्थिनींवरील किती अभ्यासांना मान्यता मिळाली आणि किती नाकारले गेले, हे एका अर्जाने मागता येते. कोणाचीही वैयक्तिक माहिती मागू नये; समितीच्या कामाची मागावी. विद्यार्थी संघटनांनी आपल्या मागणीपत्रकात विद्यावेतन आणि वसतिगृहाच्या जेवणाबरोबर संमतीचा प्रश्न घालावा. परिचारिकांच्या संघटना आज कायम नोकरी आणि रिक्त पदे यांसाठी लढत आहेत. शिकाऊ मुली उद्या त्यांच्याच सभासद होणार आहेत, हे त्यांच्या नजरेस आणावे. शिक्षिकांना मात्र शत्रू समजू नये. त्यांच्यापैकी अनेकजणी तुटपुंज्या पगारावर, कंत्राटावर राबतात आणि प्रबंध पुरा करण्याचे ओझे त्यांच्यावरही वरूनच आलेले असते. त्यांना बाजूला घेऊन नव्हे, त्यांना बरोबर घेऊन हे काम करावे लागेल.

विज्ञानावर आपला विश्वास आहे. अंधश्रद्धा, जातीची उतरंड आणि बाईला कमी लेखणारी परंपरा यांच्याशी झगडताना विज्ञान आपले शस्त्र राहिलेले आहे. पण विज्ञान हे माणसांचे काम आहे, आणि माणसांच्या इतर कामांप्रमाणे त्यातही मालक आणि मजूर निर्माण होऊ शकतात. ऑस्लोच्या, लंडनच्या, सेवाग्रामच्या आणि वेल्लोरच्या त्या तरुण मुलींनी आपल्या शरीरातून जे ज्ञान दिले, ते सगळ्या परिचारिकांच्या उपयोगी पडणारे आहे. अशा ज्ञानाच्या त्या भागीदार असल्या पाहिजेत. आणि भागीदार तीच, जिला 'नाही' म्हणता येते आणि 'नाही' म्हटल्यावरही जिची पाळी, जिचे गुण आणि जिची रविवारची सुटी जशीच्या तशी राहते.